मुक्काम फ्लशिंगला, भटकंती मॅनहॅटनला: न्यूयॉर्कची ७ नंबरची सबवे

न्यूयॉर्कला पहिल्यांदा गेले तेव्हा हॉटेल बुक करताना मी एकच ओळ वाचली होती: 'मॅनहॅटनपासून १५ मिनिटं.' ती पंधरा मिनिटं म्हणजे मध्यरात्री, मोकळ्या रस्त्यावरून, मोटारीने. सगळ्यात जवळचं स्टेशन पायी पंचवीस मिनिटांवर आणि तो रस्ताही हायवेच्या कडेकडेने. बरोबर आई आणि मावशी, दोघींचेही गुडघे कुरकुरणारे. चार दिवसांत टॅक्सीवर जे उडालं, तेवढ्यात मॅनहॅटनच्या मधोमध राहून झालं असतं.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. त्या शहाणपणाचा हिशोब इथे मांडते आहे, म्हणजे तुमचा पहिला फेरा वाया जाणार नाही. सगळा सबवे शिकायला जाऊ नका. ४७२ स्टेशनं आहेत, नकाशा पाहिला की शेवयांचं ताट सांडल्यासारखं वाटतं. एकच लाइन घट्ट धरा, ती दोन दिवसांत अंगवळणी पडते, आणि बाकीच्या लाइनी तिला जिथे भेटतात तेवढ्याच शिका. माझी लाइन ७ नंबरची.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे सबवे म्हणजे रस्त्याखालून पलीकडे जायचा भुयारी मार्ग, सीएसएमटीला असतो तसा. न्यूयॉर्कमध्ये सबवे म्हणजे शहरातली रेल्वे. आणि गंमत म्हणजे ही ७ नंबरची गाडी क्वीन्समध्ये, म्हणजे मॅनहॅटन बेटाच्या पूर्वेला नदीपलीकडच्या भागात, बहुतेक वेळ जमिनीखालून नाही, डोक्यावरून जाते. रूझवेल्ट ॲव्हेन्यूवर लोखंडी खांबांच्या सावलीत दुकानं आणि वर धडधडणारी गाडी. मावशी पहिल्या दिवशी रस्त्यात जमिनीकडे बघत जिना शोधत होती.

हॉटेल ठरवताना

मॅनहॅटन किती लांब आहे, हे विचारूच नका. स्टेशन पायी किती मिनिटांवर आहे आणि तिथे कुठली गाडी येते, एवढं विचारा. फोनवरच्या नकाशात हॉटेलचा पत्ता टाका, पोचायचं ठिकाण मॅनहॅटनमधलं ग्रँड सेंट्रल स्टेशन द्या, प्रवासाचं साधन म्हणून रेल्वे निवडा आणि निघायची वेळ एखाद्या मंगळवारी सकाळी नऊची द्या. सुरुवातीला चालायची जी मिनिटं दिसतील, ती आठच्या आत असतील तर उत्तम. बारा-तेराच्या पुढे गेली की पुढचं हॉटेल बघा. सकाळी ताजेतवाने असताना बारा मिनिटं काहीच वाटत नाहीत. रात्री दहाला, दिवसभर पायपीट करून आल्यावर तीच बारा मिनिटं अंगावर येतात.

क्वीन्समधले पत्ते बघून दचकू नका. घरनंबरात मधे आडवी रेघ असते, १३६-०५ असा काहीतरी आकडा. रेघेआधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा, नंतरचा इमारतीचा. म्हणजे १३६व्या रस्त्याच्या कोपऱ्याजवळचं पाच नंबरचं घर. एकदा कळलं की सोपं आहे. पण ३७वा रस्ता, ३७वा ॲव्हेन्यू आणि ३७वा रोड ही तीन वेगवेगळी ठिकाणं असू शकतात, तेव्हा पत्त्यातला शेवटचा शब्द गाळू नका.

मी क्वीन्समधलं फ्लशिंग सुचवते. ७ नंबरचं तिथलं स्टेशन फ्लशिंग-मेन स्ट्रीट, आणि ते टोकाचं स्टेशन आहे. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलची किंमत ज्याला माहीत आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. बसायला जागा मिळते, आणि चुकीच्या दिशेची गाडी पकडायची सोयच नाही, कारण इथून सुटणारी प्रत्येक गाडी मॅनहॅटनच्याच बाजूला जाते. नवख्या माणसाला यापेक्षा मोठी सवलत कुठली? परतताना डुलकी लागली तरी शेवटच्या स्टेशनावरच जाग येणार. लोकलने ग्रँड सेंट्रलपर्यंत चाळीसेक मिनिटं लागतात, हा एक तोटा.

ज्यांना तेवढा वेळही नको त्यांनी लाँग आयलंड सिटी बघावं. क्वीन्सबरो प्लाझा किंवा कोर्ट स्क्वेअर स्टेशनाजवळची हॉटेलं मॅनहॅटनच्या अगदी काठावर आहेत. तिथे संध्याकाळनंतर जेवायला फ्लशिंगइतकी चंगळ नाही, आणि भाडंही बहुधा जास्त. विमानतळांजवळची हॉटेलं फक्त पहाटेचं विमान असेल तरच घ्या. जेएफकेहून सबवे गाठायला आधी एअरट्रेन ही विमानतळाची गाडी, तिचे माणशी आठ डॉलरांहून जास्त, मग जमेका स्टेशनवर ई गाडी. लाग्वार्डियाहून क्यू७० ही बस फुकट आहे आणि ती ७ नंबरच्या दोन स्टेशनांना, वुडसाइडला आणि जॅक्सन हाइट्सला, आणून सोडते. न्यू जर्सीतल्या एडिसनला नातेवाईकांकडे उतरणार असाल तर हिशोबच वेगळा. तिथून न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी थेट मॅनहॅटनमधल्या पेन स्टेशनला येते.

पैसे कसे द्यायचे

जुन्या प्रवासवर्णनांत सगळीकडे पिवळं मेट्रोकार्ड घ्या असं लिहिलेलं सापडेल. विसरा ते. मेट्रोकार्डाची विक्री २०२५ संपताना बंद झाली. आता 'ऑम्नी' ही पद्धत. फाटकावर पाटीएवढा काळा पडदा असतो, त्याला आपलं टॅप करायचं कार्ड किंवा फोन टेकवायचा, हिरवं 'गो' दिसलं की आडवा दांडा ढकलून आत. जानेवारी २०२६ पासून एका फेरीचे ३ डॉलर. एक स्टेशन जा की फ्लशिंगहून कोनी आयलंडच्या समुद्रापर्यंत जा, तेवढेच. आपल्या मेट्रोसारखं बाहेर पडताना पुन्हा काही टेकवावं लागत नाही. बॅगाही मशीनमधून जात नाहीत. आईला हे फार बेभरवशाचं वाटलं.

भारतातलं कार्ड नेणार असाल तर निघण्यापूर्वी घरी बसून एक काम करा. बँकेच्या ॲपमध्ये परदेशातला वापर आणि कॉन्टॅक्टलेस, ही दोन्ही बटणं चालू आहेत का ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने परदेशातला वापर आपण स्वतः चालू केल्याशिवाय होत नाही, आणि एक बटण चालू, दुसरं बंद अशी गफलत हमखास होते. माझ्या आईचं कार्ड फाटकावर तीनदा नाकारलं गेलं ते याच कारणाने. मागे रांग खोळंबलेली, आई कार्ड पदराला पुसून परत परत टेकवते आहे. फॉरेक्स कार्ड टॅपचं असेल तर तेच वापरा. साध्या कार्डावर दर वेळी बँक परकीय चलनाचा अधिभार लावते आणि तीन-तीन डॉलरांच्या व्यवहारांत तो दिसून येत नाही. कार्डाची भानगडच नको असेल तर स्टेशनातल्या मशीनमधून ऑम्नी कार्ड विकत घ्या, त्यात रोख पैसे भरता येतात.

आता बचतीचा मुद्दा. एकाच कार्डावर सात दिवसांत ३५ डॉलर झाले की पुढच्या फेऱ्या त्या सात दिवसांपुरत्या फुकट. मोजणी पहिल्या टॅपपासून. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर तिसऱ्या रात्री तुम्ही ३५ला पोचता आणि पुढचे चार दिवस मोकाट. पण यात दोन फटी आहेत. एका कार्डाने चौघांना आत घेता येतं, मात्र जास्तीच्या माणसांच्या फेऱ्या त्या ३५त धरल्या जात नाहीत. म्हणून प्रत्येकाचं कार्ड वेगळं ठेवा. दुसरं म्हणजे तेच कार्ड फोनमध्ये भरून कधी फोन, कधी प्लास्टिक असं केलंत तर यंत्राला ती दोन वेगळी कार्डं वाटतात आणि मोजणी दोन्हीकडे अर्धवट राहते. एक काय ते ठरवा आणि आठवडाभर तेच टेकवा. ४४ इंचांपेक्षा बुटकी पोरं मोठ्यांबरोबर फुकट, एका मोठ्या माणसामागे तीन पोरांपर्यंत. वय नाही, उंची बघतात.

सबवेत शिरताना टॅप केल्यापासून दोन तासांच्या आत बस पकडली तर त्याच कार्डावर ती फुकट. पण सबवेतून रस्त्यावर येऊन पुन्हा सबवेत शिरलात तर पुन्हा ३ डॉलर. गाडी बदलायची असेल तेव्हा फाटकाच्या आतच राहा, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. जिना दिसला की वर जायची आपल्याला खोड असते.

पोचल्या संध्याकाळी रंगीत तालीम

विमानातून उतरून पहिल्याच सकाळी थेट स्वातंत्र्यदेवीला निघू नका. संध्याकाळी ऊन उतरलं की फ्लशिंग-मेन स्ट्रीटला जा, टॅप करा, आणि एकच स्टेशन पुढे जाऊन उतरा: मेट्स-विलेट्स पॉइंट. तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत गेलं की १९६४ सालच्या जागतिक प्रदर्शनासाठी उभा केलेला पोलादी पृथ्वीगोल, युनिस्फिअर. बारा मजले उंच. वाटेत यूएस ओपन टेनिसची मैदानं लागतात. ऑगस्टअखेर स्पर्धा चालू असेल किंवा शेजारच्या मैदानात बेसबॉलचा सामना असेल तर मात्र त्या दिवशी ही तालीम नको, गाडी खच्चून भरते.

या छोट्या फेरीत कार्ड चालतं का ते कळतं, फाटक कसं ढकलायचं ते कळतं, आणि परत येताना 'फ्लशिंग' लिहिलेला फलाट शोधायचा सरावही होतो. मावशीने तर परतीच्या वेळी आमच्या पुढे जाऊन स्वतः टॅप केलं आणि मागे वळून न बघता आत गेली. परत आल्यावर भूक असेल तर बाउन स्ट्रीटवरच्या गणपतीच्या देवळापर्यंत पाय मोकळे करा. स्टेशनापासून पाऊण मैलाच्या पुढे आहे, १९७७ सालचं देऊळ, आणि तळघरातल्या कँटीनमधला डोसा खायला लोक लांबून येतात. वेळ आधी बघून जा, कँटीन रात्री उशिरापर्यंत उघडं नसतं.

गोल आणि काजूकतली

७ नंबरच्या दोन गाड्या आहेत आणि इथेच लोक फसतात. गोलात ७ लिहिलेलं असेल तर लोकल, प्रत्येक स्टेशनावर थांबणार. काजूकतलीच्या आकारात ७ असेल तर एक्स्प्रेस. आपली स्लो आणि फास्ट. एक्स्प्रेस फक्त कामाच्या दिवशी असते, आणि तीही एकाच बाजूने: सकाळी मॅनहॅटनकडे, दुपारनंतर फ्लशिंगकडे. शनिवार-रविवारी एरवी नसते.

मॅनहॅटनला जाताना एक्स्प्रेस मिळाली तर बेलाशक बसा, क्वीन्सबरो प्लाझानंतर दोन्ही गाड्या सारख्याच. परतताना मात्र विचार करा. जॅक्सन हाइट्स म्हणजे ७४वा रस्ता, आपल्या लोकांचं जेवण, मिठाई, पटेल ब्रदर्सचं किराणा दुकान, साड्यांची दुकानं, तिबेटी मोमो. आम्ही संध्याकाळी ग्रँड सेंट्रलहून पहिली आली ती गाडी पकडली आणि गप्पांत ७४वा रस्ता डोळ्यांदेखत मागे गेला. एक्स्प्रेस वुडसाइडनंतर थेट जंक्शन बुलेव्हार्डला थांबते. 'कांजूरमार्गला उतरायचं आणि ठाण्याला पोचलो गं,' मावशी म्हणाली. फाटकाच्या बाहेर न पडता पलीकडच्या फलाटावर गेलो, मॅनहॅटनकडची लोकल धरली, ९०, ८२, ७४, तीन स्टेशनं मागे. पैसे गेले नाहीत, भूक मात्र वाढली.

गाडीत शिरताना दोन गोष्टी. बाकी डबे भरलेले आणि मधेच एक डबा रिकामा दिसला तर त्यात उडी मारू नका. एक तर एसी बंद असेल नाहीतर आत असा वास असेल की पुढच्या स्टेशनला तुम्हीच उतराल. तो डबा रिकामा का आहे हे न्यूयॉर्कवाल्यांना ठाऊक असतं. दुसरं, पाठीवरची सॅक काढून पायाशी घ्या. गर्दी असते, पण विरारची लोकल ज्याने पाहिली आहे त्याला ती गर्दी वाटणार नाही. एखाद्या वेळी पोरं कर्णा लावून दांड्यांना लोंबकळत कसरती करतात आणि टोपी फिरवतात. द्यावंसं वाटलं तर द्या, नाहीतर फोनमध्ये बघत राहा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

मॅनहॅटनकडे जाताना उजव्या बाजूची खिडकी पकडा. क्वीन्सबरो प्लाझा सोडलं की गाडी डावीकडे वळते आणि उजवीकडे सगळं मॅनहॅटन उभं राहतं, नदीपलीकडे. कोर्ट स्क्वेअरपर्यंत मिनिटभराचा खेळ. मग गाडी बोगद्यात.

फलाट आणि दिशा

क्वीन्समध्ये पाट्या सोप्या आहेत, एकीकडे 'मॅनहॅटन', दुसरीकडे 'फ्लशिंग'. मॅनहॅटनमध्ये शिरलं की 'अपटाउन' आणि 'डाउनटाउन' सुरू होतं. रस्त्यांचे आकडे उत्तरेकडे चढत जातात. आकडा चढता हवा असेल तर अपटाउन, उतरता हवा असेल तर डाउनटाउन. ४२व्या रस्त्यावर आहात आणि ७९व्याला जायचंय, अपटाउन. तिथून बेटाच्या टोकाला, डाउनटाउन. पाटीवर त्यापुढे 'ब्राँक्स' किंवा 'ब्रुकलिन' लिहिलेलं असेल, घाबरू नका, ती गाडी शेवटी कुठे जाते ते आहे. चर्चगेटला उभं राहून विरार गाडी बघतो तसंच.

खरा सापळा छोट्या स्टेशनांवर. तिथे रस्त्याच्या या बाजूचा जिना फक्त अपटाउन फलाटावर उतरतो आणि डाउनटाउनचा जिना समोरच्या फुटपाथवर असतो. आत दोघांना जोडणारा रस्ता नसतो. चुकीच्या जिन्याने टॅप करून उतरलात की बाहेर, रस्ता ओलांडा, परत टॅप. जिन्याच्या तोंडावरची पाटी वाचल्याशिवाय खाली पाऊल टाकू नका. ३ डॉलरांचं इतकं वाईट वाटत नाही, चाळीस पायऱ्या चढून परत चाळीस उतरायचं वाटतं.

आणि रंगावर जाऊ नका, आकड्यावर जा. मॅनहॅटनमध्ये ४, ५ आणि ६ तिन्ही हिरव्या, पण ४ आणि ५ दिवसा एक्स्प्रेस आणि ६ लोकल. १, २, ३ तिन्ही लाल, त्यातली १ लोकल. 'हिरवी पकडा' असं कुणी सांगितलं तर कुठली हिरवी, ते विचारून घ्या.

तीन दिवस, एका लाइनीच्या जोरावर

पहिला दिवस बेटाच्या दक्षिण टोकाचा. ७ने ग्रँड सेंट्रल. इथला ७चा फलाट फार खोल आहे, लांबच लांब सरकत्या जिन्यांनी वर यावं लागतं. उजव्या बाजूला उभं राहायचं, डावी बाजू घाईवाल्यांसाठी. फाटकाबाहेर न जाता हिरव्या ४-५-६च्या पाट्या धरा, 'डाउनटाउन आणि ब्रुकलिन' फलाट, ४ किंवा ५ गाडी, उतरायचं बोलिंग ग्रीनला. गुडघ्यांसाठी हा मार्ग मी मुद्दाम निवडला आहे: फ्लशिंग, ग्रँड सेंट्रल, बोलिंग ग्रीन, तिन्हीकडे लिफ्ट आहे. न्यूयॉर्कच्या कितीतरी स्टेशनांवर ती नाही.

बोलिंग ग्रीनच्या बाहेर येताच जाकिटं घातलेली माणसं 'स्वातंत्र्यदेवीची बोट' म्हणून तिकिटं विकायला अंगावर येतात. गळ्यात ओळखपत्रंही असतात. लक्ष देऊ नका. पुतळ्याच्या बेटावर उतरवणारी अधिकृत बोट एकच, स्टॅच्यू सिटी क्रूझेस, तिकीट आधी त्यांच्या साइटवरून किंवा बॅटरी पार्कमधल्या कॅसल क्लिंटन या गोल दगडी किल्ल्यातल्या खिडकीवर. पुतळा लांबून बघितला तरी चालेल असं वाटत असेल तर दोन-चार मिनिटांवरच्या व्हाइटहॉल धक्क्यावरून स्टॅटन आयलंडची फेरी धरा. पूर्ण फुकट, चोवीस तास, साधारण पंचवीस मिनिटांचा प्रवास, जाताना पुतळा उजव्या हाताला. पलीकडे सगळ्यांना उतरावं लागतं, फिरून परत चढायचं. आम्ही फेरीच घेतली. आईला रांगेत उभं न राहता देवी दिसली याचंच कौतुक जास्त.

परतीच्या वाटेवर त्याच ४-५च्या लाइनीवर फुल्टन स्ट्रीटला उतरून ११ सप्टेंबरचं स्मारक चालत गाठता येतं, आणि पुढचं स्टेशन ब्रुकलिन ब्रिज-सिटी हॉल, जिथून पुलाची वाट सुरू होते. सगळा दिवस एका हिरव्या लाइनीवर निघतो. संध्याकाळी ग्रँड सेंट्रलला मुद्दाम बाहेर पडा आणि रेल्वेचं मोठं दालन बघा, १९१३ सालचं, छतावर सोनेरी नक्षत्रं. ती उलटी रंगवली आहेत, आरशात बघितल्यासारखी.

दुसरा दिवस मधल्या भागाचा, आणि यात गाडी बदलायचीच नाही. ७ने टोकापर्यंत जा, ३४ स्ट्रीट-हडसन यार्ड्स, २०१५ साली उघडलेलं चकाचक स्टेशन. तिथून हायलाइन, म्हणजे जुन्या मालगाडीच्या उंच रुळांवरची बाग. उन्हं तापायच्या आत चालून घ्या. मग ७नेच दोन स्टेशनं मागे, ५ ॲव्हेन्यूला. ब्रायंट पार्क लागूनच आहे आणि आता एक कामाची गोष्ट सांगते, जी नकाशात कुणी लिहीत नाही: त्या बागेतलं सार्वजनिक शौचालय स्वच्छ आहे, आत ताजी फुलं ठेवलेली असतात. सबवे स्टेशनांवर ही सोय फार मोजक्या ठिकाणी आहे, तेव्हा वडीलधाऱ्यांबरोबर फिरताना ब्रायंट पार्क आणि ग्रँड सेंट्रल ही दोन नावं लक्षात ठेवा. इथून एम्पायर स्टेट बिल्डिंग आठ रस्ते खाली, चालतच. साधारण वीस रस्त्यांचा एक मैल, हा हिशोब मॅनहॅटनमध्ये आकडेवाल्या रस्त्यांवरून उत्तर-दक्षिण जाताना चालतो. अंधार पडला की टाइम्स स्क्वेअर, एक ॲव्हेन्यू ओलांडला की पोचलात.

तिसरा दिवस सेंट्रल पार्कचा. फ्लशिंगहून ७ने क्वीन्सबरो प्लाझाला उतरा आणि जिने चढू-उतरू नका. त्याच फलाटाच्या समोरच्या कडेला एन आणि डब्ल्यू गाड्या येतात, मॅनहॅटनकडेच जाणाऱ्या. चार पावलं, गाडी बदलली. दुसरं स्टेशन ५ ॲव्हेन्यू-५९ स्ट्रीट, वर आलात की समोर उद्यानाचा कोपरा. आतून उत्तरेकडे चालत गेलं की ८२व्या रस्त्याशी मेट्रोपॉलिटन म्युझियम. मुलं बरोबर असतील तर त्यांना डायनोसॉर हवे असतात. त्यासाठी ७ने टाइम्स स्क्वेअर, तिथून १ गाडी अपटाउन, ७९ स्ट्रीट, मग उद्यानाच्या दिशेने थोडं चालत नॅचरल हिस्टरी म्युझियम. शेजारी उभी राहणारी २ किंवा ३ धरू नका, त्या ७२नंतर ७९ला न थांबता निघून जातात.

शनिवार-रविवार

१९०४ सालापासून धावणारी ही रेल्वे रात्रीही बंद होत नाही, त्यामुळे दुरुस्तीची कामं शनिवार-रविवारी काढतात. आपला मेगाब्लॉकच. फरक इतकाच की इथे तो लाइनीचा मधलाच तुकडा गिळतो. ७चा नेहमीचा प्रकार म्हणजे क्वीन्सबरो प्लाझाच्या पुढे मॅनहॅटनमध्ये गाडी नाही. शुक्रवारी रात्री सबवे चालवणाऱ्या एमटीएच्या ॲपमध्ये ७ नंबर उघडून बघा, स्टेशनातल्या खांबांवर कागदही डकवलेले असतात.

तसं झालंच तर दोन वाटा आहेत. क्वीन्सबरो प्लाझाला समोरच्या कडेची एन गाडी धरा, ती टाइम्स स्क्वेअरलाही जाते (डब्ल्यू शनिवार-रविवारी नसते). नाहीतर आधीच ७४व्या रस्त्यावर उतरून खाली जा. वरचं ७चं स्टेशन आणि खालचं जॅक्सन हाइट्स-रूझवेल्ट ॲव्हेन्यू आतून जोडलेलं आहे. तिथून ई गाडी मॅनहॅटनमधून थेट वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाते. ही ई गाडी माझी आवडती पळवाट आहे, ७ रखडली की कधीही उपयोगी पडते.

रात्री परतताना

फलाटाच्या मधोमध, वरच्या बाजूला काळे-पांढरे पट्टे मारलेली एक फळी लटकवलेली असते. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून हात बाहेर काढून त्या फळीकडे बोट दाखवतो. दर स्टेशनावर, न चुकता. गाडी बरोबर जागी थांबली याची ती खूण. आपल्या कामाची गोष्ट ही की त्या फळीखाली उभं राहिलं तर कंडक्टरचा डबा समोर येतो. रात्री उशिरा त्याच डब्यात बसा. ७ची गाडी अकरा डब्यांची आहे, टोकाच्या रिकाम्या डब्यांत जाऊन बसायचं काही कारण नाही. फोन दाराजवळ उभं राहून बघत बसू नका, दार मिटता मिटता हिसकावून नेणारे असतात.

फ्लशिंगला उतरल्यावर वर यायचे जिने बरेच आहेत आणि मेन स्ट्रीट-रूझवेल्टच्या चौकात रात्री दहालाही फळवाले, वाफाळते डंपलिंग विकणारे आणि चिनी पाट्यांचा असा गजबजाट असतो की कुठल्या कोपऱ्यावर आलो ते कळत नाही. म्हणून पहिल्या संध्याकाळी आत शिरण्यापूर्वी तुमच्या हॉटेलच्या बाजूच्या जिन्याचा, त्याच्या शेजारच्या दुकानासकट, एक फोटो काढून ठेवा. आमच्या जिन्याशेजारी बेकरी होती. मावशी रोज रात्री वर आली की आधी तिकडे बघायची, आणि मग 'हं, बरोबर' म्हणून एक पाव घ्यायची.